उपवासकाळातली जत्रा

न्यूयॉर्क शहरातील मॅनहॅटन बेटावर सातवा आणि आठवा असे दोन प्रशस्त राजरस्ते समांतर धावतात. त्या दोहोंच्या मध्ये, एकतिसाव्या आणि तेहतिसाव्या गल्लीच्या दरम्यान, एक वाटोळी, धिप्पाड इमारत उभी आहे. तिचे नाव मॅडिसन स्क्वेअर गार्डन. नावात बाग आहे, परंतु आत झाड नाही की फूल नाही. आणि ज्या मॅडिसन चौकावरून हे नाव पडले तो चौकही तेथून पुष्कळ दूर आहे. पहिले गार्डन १८७९ साली त्या चौकाशेजारी होते. त्याच जागी १८९० साली दुसरे उभे राहिले. तिसरे १९२५ साली उत्तरेकडे आठव्या रस्त्यावर गेले, आणि आजचे चौथे ११ फेब्रुवारी १९६८ रोजी उघडले. कुटुंबाने बिऱ्हाड बदलले तरी आडनाव सोबत नेले, तशातला हा प्रकार झाला.

हे चौथे गार्डन ज्या जागेवर बांधले आहे, त्या जागेखाली पेन स्टेशन आहे. १९१० साली उघडलेले जुने स्टेशन म्हणजे दगडी खांबांचा एक राजवाडाच होता. १९६३ साली तो पाडण्यास सुरुवात झाली, रूळ तेवढे भुईखाली राहिले, आणि वर ही वाटोळी इमारत चढली. न्यूयॉर्ककरांना त्या पाडकामाची इतकी हळहळ वाटली की जुन्या वास्तूंच्या रक्षणासाठी १९६५ साली शहराने कायदाच केला. मला स्वतःला वाटते, की ही हळहळ रास्त होती. आजचे गार्डन बाहेरून पाहिले तर धान्याच्या एखाद्या अजस्र कणगीसारखे दिसते; त्यात डोळ्यांना सुख देणारे काही नाही. परंतु आत शिरले की मत बदलते. वर अंतर्वक्र छत लोखंडी दोरखंडांनी पेललेले, मध्ये एकही खांब नाही, सभोवार पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेली आसने, आणि तळाशी उजेडाने न्हालेला पिवळसर लाकडी चौक. बास्केटबॉलच्या वेळी येथे १९,८१२ माणसे बसतात. पोप जॉन पॉल दुसरे १९७९ सालच्या ऑक्टोबरात येथेच तरुणांना भेटले, आणि २५ सप्टेंबर २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी याच ठिकाणी पवित्र मिस्सा अर्पण केला.

वाचकहो, दरवर्षी मार्च महिन्यात, म्हणजे आपला उपवासकाळ चालू असताना, या इमारतीत चार दिवसांची एक जत्रा भरते. तिचे यजमान म्हणजे ‘बिग ईस्ट’ नावाचे महाविद्यालयांचे एक मंडळ. या मंडळातील विद्यापीठांचे बास्केटबॉल संघ हिवाळाभर एकमेकांच्या गावी जाऊन खेळतात. आणि तो हंगाम संपला, की सारे संघ गार्डनमध्ये जमून बाद पद्धतीने अजिंक्यपदासाठी झुंजतात. मंडळात आज अकरा संघ आहेत. हंगामात मागे पडलेल्या सहा संघांना बुधवारी खेळावे लागते. वरच्या पाचांना त्या दिवशी विश्रांती. गुरुवारी चार सामने, शुक्रवारी उपांत्य फेरीचे दोन, आणि शनिवारी सायंकाळी अंतिम सामना. हरला तो त्याच क्षणी बाहेर. जिंकला त्याला साऱ्या देशातील अडुसष्ट संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेत हक्काने प्रवेश. हिवाळाभर ज्याचे काहीच जमले नाही, अशा संघालाही ही वाट मोकळी असते. चार दिवस नशीब आणि पाय दोन्ही टिकले पाहिजेत, इतकेच.

खेळ तसा आपल्याला अनोळखी नाही. मुंबईच्या नागपाड्यात तर तो गल्लीतल्या पोरांच्या अंगात मुरलेला आहे. १८९१ सालच्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्स प्रांतातील स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने बर्फाच्या दिवसांत विद्यार्थ्यांना घरातल्या घरात व्यायाम मिळावा म्हणून तो बसवला. पीच फळांच्या दोन टोपल्या त्याने सज्जाला टांगल्या, तेव्हापासून टोपलीचे नाव खेळाला चिकटले. एका बाजूस पाच खेळाडू, दहा फूट उंचीवर कडे, महाविद्यालयीन सामना चाळीस मिनिटांचा. बरोबरी झाली तर पाच मिनिटांचा जादा वेळ, आणि एखाद्याचे पाच अपराध भरले की तो बाद. एवढे ठाऊक असले म्हणजे पुढचे समजण्यास अडचण पडणार नाही.

परंतु ही जत्रा आपल्या पानावर आणण्याचे कारण खेळ नव्हे, खेळणाऱ्यांची घराणी आहेत. या अकरांपैकी नऊ विद्यापीठे कॅथलिक आहेत. वॉशिंग्टनचे जॉर्जटाउन हे येशूसंघीय फादरांचे, १७८९ सालचे. फिलाडेल्फियाजवळचे व्हिलानोव्हा ऑगस्टिनियन फादरांचे, १८४२ चे. प्रॉव्हिडन्स कॉलेज डॉमिनिकनांचे, १९१७ चे. न्यूयॉर्कचे सेंट जॉन्स आणि शिकागोचे डीपॉल ही संत व्हिन्सेंट दि पॉल यांच्या अनुयायांनी स्थापिलेली. सीटन हॉल हे न्यूअर्कच्या धर्मप्रांताचे. ते १८५६ साली निघाले, ज्या साली आपल्या बेळगावात सेंट पॉल्स हायस्कूल उघडले त्याच साली. मिलवॉकीचे मार्केट आणि ओमाहाचे क्रेटन हीही येशूसंघीयांचीच. आणि सिनसिनाटी शहरातील नववे नाव तर गोमंतकीय वाचकाला उठून बसवील: झेवियर विद्यापीठ. होय, ज्या संताचे पवित्र शरीर जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या बॅसिलिकेत आहे, त्याच संत फ्रान्सिस झेवियरच्या नावाने एक उंचापुरा संघ दर मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या या चौकात उतरतो. या संताची कृपा तेथे मात्र अद्याप हात राखून आहे असे दिसते. २०२३ साली झेवियर संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि मार्केटकडून ६५–५१ असा हरला.

ही विद्यापीठे आज श्रीमंत दिसतात. त्यांचा जन्म मात्र गरिबीतला. आयर्लंड, इटली, जर्मनी, पोलंड येथून बोटीने आलेल्या मजुरांच्या मुलांना जुनी प्रतिष्ठित महाविद्यालये जवळ करीत नव्हती, तेव्हा धर्मगुरूंनी शहरांच्या कडेला या शाळा काढल्या. शहरात मोकळे मैदान महाग, आणि अमेरिकन फुटबॉलचा संघ पोसावयाचा म्हणजे खर्च डोंगराएवढा. बास्केटबॉलला काय लागते? एक दालन, एक चेंडू आणि बारा-पंधरा मुले. म्हणून हा खेळ या विद्यापीठांचा घरचा खेळ झाला. आपल्याकडे पॅरिशच्या मैदानावर फुटबॉल का रुजला, याचे उत्तरही फारसे वेगळे नसावे.

१९७९ साली प्रॉव्हिडन्सचे डेव्ह गॅव्हिट यांनी पूर्व किनाऱ्यावरील सात विद्यापीठांना एकत्र आणून हे मंडळ स्थापिले. पहिली स्पर्धा १९८० साली प्रॉव्हिडन्सला झाली, पुढची सिराक्यूजला, त्यापुढची हार्टफर्डला. आणि १९८३ पासून तिने गार्डनमध्ये जे बिऱ्हाड केले ते आजतागायत हललेले नाही. एवढा दीर्घ काळ एकाच छताखाली भरणारी महाविद्यालयीन मंडळाची दुसरी स्पर्धा अमेरिकेत नाही. याला भूगोलही कारण आहे. बोस्टन, प्रॉव्हिडन्स, न्यूअर्क, फिलाडेल्फिया, वॉशिंग्टन ही सारी गावे एकाच लोहमार्गावर जपमाळेच्या मण्यांसारखी ओवलेली आहेत, आणि त्या मार्गाचे मोठे स्टेशन गार्डनच्या पायाखाली. विद्यार्थी, त्यांचे आईबाप, पंचवीस वर्षांपूर्वी पदवी घेतलेले वकील आणि अग्निशामक गाडीतून उतरतात, जिना चढतात आणि सरळ जत्रेत येतात. कोणाच्या अंगात लाल सदरा, कोणाच्या निळा, कोणी तोंडच रंगवलेले. प्रॉव्हिडन्सच्या गर्दीत डॉमिनिकनांचे शुभ्र झगे दिसतात, आणि काही संघांच्या बाकावर खेळाडूंशेजारी त्यांचे आध्यात्मिक मार्गदर्शक असलेले फादरही बसलेले असतात. दोन्ही बाजूंनी प्रार्थना होत असल्यावर वर निकाल कसा लावीत असतील, हा प्रश्न मी ईशज्ञानाच्या अभ्यासकांवर सोपवितो.

मंडळाच्या वैभवाचे वर्ष १९८५. त्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चार संघांत या एकट्या मंडळाचे तीन संघ होते: जॉर्जटाउन, सेंट जॉन्स आणि व्हिलानोव्हा. १ एप्रिलच्या अंतिम सामन्यात व्हिलानोव्हाने बलाढ्य जॉर्जटाउनला ६६–६४ असे हरविले. त्या रात्री त्यांनी मारलेल्या अठ्ठावीस नेमांपैकी बावीस लागले. जॉर्जटाउनचे प्रशिक्षक होते जॉन थॉम्प्सन. सहा फूट दहा इंच उंचीचा, खांद्यावर पांढरा टॉवेल टाकून उभा राहणारा हा कृष्णवर्णीय कॅथलिक गृहस्थ १९८४ साली राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय प्रशिक्षक ठरला होता. आपल्या कचेरीत तो हवा गेलेला एक चेंडू ठेवीत असे. या चेंडूतली हवा एक दिवस जाणार आहे, तेव्हा तुझ्या हाती काय उरेल, हे खेळाडूला बोलून सांगण्याऐवजी तो चेंडूच सांगत असे. आणि येथे एक कटू गोष्ट सांगितल्याविना पुढे जाणे मला बरे वाटत नाही. १८३८ साली मेरीलँडच्या येशूसंघीयांनी २७२ गुलाम स्त्री-पुरुष-मुले लुईझियानाच्या मळेवाल्यांना विकली, आणि त्या पैशांतून जॉर्जटाउनचे कर्ज फिटले. २०१७ साली विद्यापीठाने व येशूसंघीयांनी त्यांच्या वंशजांची जाहीर क्षमा मागितली. ज्या संस्थेचा पाया त्या पैशाने सावरला, तिचे नाव देशभर दुमदुमविले ते थॉम्प्सनने आणि जमैकातून लहानपणी आलेल्या पॅट्रिक ईविंग या त्याच्या शिष्याने. गार्डनमध्ये जॉर्जटाउनचा राखाडी सदरा पाहताना हा हिशेब आठवतो.

गार्डनमधल्या रात्री पुष्कळ सांगतात. परंतु १२ मार्च २००९ च्या रात्रीला तोड नाही. गुरुवारचा शेवटचा सामना, सिराक्यूज विरुद्ध कनेक्टिकट. साडेनऊनंतर चेंडू उडाला. चाळीस मिनिटांअखेर ७१–७१. अगदी शेवटच्या क्षणी सिराक्यूजच्या खेळाडूने दुरून मारलेला चेंडू कड्यातून गेला, संघ नाचू लागला. पंचांनी चित्रफीत पुन्हा लावून पाहिली. चेंडू हातातून सुटण्यापूर्वी घड्याळ संपले होते, केसाएवढ्या अंतराने. गुण रद्द झाला. मग जादा पाच मिनिटे, बरोबरी. पुन्हा पाच, बरोबरी. तिसरी, चौथी, पाचवी खेप. प्रत्येक वेळी बरोबरी. या पाचही खेपांत सिराक्यूज क्षणभरही आघाडीवर नव्हते. मागून येऊन ते फक्त बरोबरी साधीत होते. पाच-पाच अपराध भरून दोन्हीकडचे मिळून आठ खेळाडू बाद झाले. सिराक्यूजचा जॉनी फ्लिन सत्तर मिनिटांपैकी सदुसष्ट मिनिटे चौकात होता. सहाव्या खेपेस मात्र सिराक्यूज पुढे गेले ते गेलेच. १२७–११७. घड्याळात शुक्रवारची पहाटेपूर्वीची १ वाजून २२ मिनिटे झाली होती.

त्याच शुक्रवारी रात्री सिराक्यूजला पुन्हा उतरावे लागले. वेस्ट व्हर्जिनियाविरुद्ध पुन्हा बरोबरी, पुन्हा जादा वेळ, आणि पुन्हा विजय. शनिवारी अंतिम सामन्यात मात्र लुईव्हिलने त्यांना ७६–६६ असे हरविले. म्हणजे ज्या संघाच्या त्या रात्रीची कथा लोक आजही सांगतात, त्याला त्या वर्षीचा चषक मिळाला नाही. दोनच वर्षांनी, २०११ साली, हंगामात नववा आलेला कनेक्टिकट संघ पाच दिवसांत पाच सामने जिंकून चषक घेऊन गेला आणि पुढे राष्ट्रीय विजेताही झाला.

त्या वेळी मंडळ फुगून सोळा संघांचे झाले होते, आणि त्या फुगण्यातच फुटण्याचे बीज होते. दूरचित्रवाणीच्या कंपन्या खरा पैसा ओतीत होत्या तो अमेरिकन फुटबॉलवर. ज्यांच्याकडे मोठे फुटबॉल संघ होते ती विद्यापीठे एकेक करून श्रीमंत मंडळांकडे निघाली. बोस्टन कॉलेज २००५ साली गेले. सिराक्यूज व पिट्सबर्ग २०१३ साली गेले. गेलेल्यांच्या जागी दूरदूरच्या प्रांतांतून फुटबॉलवाले संघ बोलावण्याचे घाटत होते. त्यांचा या लोहमार्गाशी, या खेळाशी आणि परस्परांशी काडीचा संबंध नव्हता. तेव्हा १५ डिसेंबर २०१२ रोजी मंडळातल्या सात कॅथलिक विद्यापीठांनी आपण वेगळे निघत असल्याचे जाहीर केले. वाटणीच्या बोलण्यात त्यांनी दोन गोष्टी हातच्या सोडल्या नाहीत: ‘बिग ईस्ट’ हे नाव, आणि गार्डनमधले मार्चचे चार दिवस. घर फुटताना एखाद्या भावाने शेत सोडावे पण देवघर सोडू नये, तसे ते झाले. पुढे बटलर, क्रेटन आणि झेवियर येऊन मिळाले. २०२० साली कनेक्टिकट हे सरकारी विद्यापीठ परत घरी आले. हे भाबडेपणाने केले असे कोणी समजू नये. बास्केटबॉललाही दूरचित्रवाणीचा पैसा मिळतोच. परंतु अधिक पैशासाठी हजार मैल दूरच्या अनोळखी मंडळाचे आश्रित होण्यापेक्षा आपल्या गल्लीत राहणे त्यांनी पत्करले, हेही खरे.

गार्डनच्या दारातून बाहेर पडून सातवा रस्ता ओलांडला, की एकतिसाव्या गल्लीत असिसीकर संत फ्रान्सिस यांचे चर्च लागते. फ्रान्सिस्कन फादर येथे राहतात. पापनिवेदनासाठी येथे दिवसभर माणसे येत असतात. त्यांत स्टेशनाकडे धावणारे कारकून असतात, तसे जत्रेला आलेले यात्रेकरूही असतात. उपवासकाळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य, आणि उपांत्य सामने नेमके शुक्रवारी. गार्डनमधल्या खाद्यपदार्थांच्या टपऱ्यांवर सॉसेजचा वास दरवळत असताना व्रत पाळणे हेही एक प्रकारचे बचावाचे खेळणेच आहे. याच चर्चच्या दारात १९३० सालापासून, म्हणजे महामंदीच्या दिवसांपासून, भुकेल्यांना सकाळी अन्न वाटले जाते. रांग गल्लीत उभी राहते. अग्निशामक दलाचे धर्मगुरू फादर मायकल जज, ज्यांचा ११ सप्टेंबर २००१ च्या संहारात कर्तव्यावर असताना मृत्यू झाला, ते याच मठात राहत. रात्री गार्डनमध्ये विजयाचा कल्लोळ आणि सकाळी शंभर-दीडशे पावलांवर पावासाठी रांग, असे या गल्लीचे दोन चेहरे आहेत. आणि जत्रेला येणाऱ्याने दुसराही पाहून जावे, असे मी आवर्जून म्हणेन.

१२ मार्च २०२० रोजी जत्रा अर्ध्यावर मोडली. सेंट जॉन्स आणि क्रेटन यांचा सामना मोजक्या प्रेक्षकांसमोर चालू होता. मध्यंतरात संघ आत गेले ते परत आलेच नाहीत. करोनाची साथ शहरात शिरली होती. सेंट जॉन्स तीन गुणांनी पुढे होते. तो निकाल तसाच लटकत राहिला. पुढल्या वर्षी स्पर्धा जवळजवळ रिकाम्या दालनात झाली, आणि तेव्हा जॉर्जटाउनचा प्रशिक्षक होता तोच पॅट्रिक ईविंग. न्यूयॉर्कच्या व्यावसायिक संघासाठी तो याच गार्डनमध्ये पंधरा वर्षे खेळला. त्याचा ३३ क्रमांकाचा सदरा छताला सन्मानाने टांगलेला आहे. तरीही त्या आठवड्यात दारावरचे पहारेकरी त्याला अडवून ओळखपत्र मागत राहिले, अशी त्याने पत्रकारांपुढे तक्रार केली. आठव्या क्रमांकावर असलेला त्याचा संघ चार दिवसांत चार सामने जिंकला. अंतिम सामना ७३–४८. त्यानंतर त्याला दारात कोणी अडविले नसावे.

आता नवीनच वारे आहे. पूर्वी या मुलांना शिष्यवृत्ती मिळे, पैसा मिळत नसे. जुलै २०२१ पासून त्यांना स्वतःच्या नावाच्या व छबीच्या जाहिरातीतून कमाई करण्याची मोकळीक मिळाली, आणि जुलै २०२५ पासून विद्यापीठांनाही त्यांना थेट मोबदला देता येऊ लागला. ज्यांच्या घामावर कोट्यवधी डॉलर उभे राहत होते त्यांना वाटा मिळाला, यात अन्याय नाही. उलट तो फार उशिरा मिळाला. परंतु एका वर्षी एका विद्यापीठाचा सदरा, दुसऱ्या वर्षी दुसऱ्याचा, असे आता सर्रास चालते. चार वर्षे एकाच फादरांच्या हाताखाली राहून पदवी घेऊन निघालेला मुलगा दुर्मीळ झाला. थॉम्प्सनचा तो हवा गेलेला चेंडू आता कोणाच्या कचेरीत ठेवावा?

तरीही काही ऋणे वेगळ्या रीतीने फिटतात. लू कार्नेसेका हे सेंट जॉन्सचे जुने प्रशिक्षक, इटलीहून आलेल्या दुकानदाराचे चिरंजीव. रंगीबेरंगी लोकरी स्वेटर घालून चौकाच्या कडेने नाचणारी त्यांची ठेंगणी मूर्ती साऱ्या शहराला ठाऊक होती. १९८३ साली गार्डनमधली पहिली स्पर्धा त्यांच्याच संघाने जिंकली, १९८६ ची ही. ३० नोव्हेंबर २०२४ रोजी ते वारले. शंभरी पुरी होण्यास पाच-सहा आठवडे उरले होते. त्यानंतरच्या मार्चमध्ये, १५ तारखेच्या शनिवारी, सेंट जॉन्सने क्रेटनला ८२–६६ असे हरवून पंचवीस वर्षांनी हा चषक परत आणला. पाच वर्षांपूर्वी ज्यांच्याशी चाललेला सामना मध्यंतरात अर्धा राहिला होता, तेच हे क्रेटन. त्या रात्री चषक घेतलेल्या मुलांच्या जन्मापूर्वी सेंट जॉन्सने तो शेवटचा उचलला होता. गर्दीत मात्र पांढऱ्या केसांची कित्येक माणसे जुने लोकरी स्वेटर अंगात घालून आली होती, बाहेर वसंत लागत असूनही.